सहा अक्षरांची जागा: गर्भातले हिमोग्लोबिन बंद कसे होते आणि पुन्हा सुरू कसे करता येते

एसएस पॅटर्न असलेले, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सिकल सेल आजाराचे जनुक आलेले बाळ जन्मते तेव्हा त्याच्याकडे पाहून काहीच कळत नाही. वजन बरोबर असते, रंग चांगला असतो, दूध नीट ओढते. सोल्युबिलिटी टेस्ट (सिकल असेल तर रक्ताचे द्रावण गढूळ होते, ती साधी चाचणी) केली तर तीही बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि घरचे निश्चिंत होतात. पाच-सहा महिन्यांनी हातापायांची बोटे सुजतात, बाळ हात लावू देत नाही, अंगातले रक्त कमी होते, प्लीहा हाताला लागू लागते. बाळ तेच, जनुकेही तीच. मग मधल्या सहा महिन्यांत बदलले काय?

बिघाड तर पहिल्या दिवसापासून होताच. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या, अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात सहाव्या अमिनो आम्लाचा संकेत जीएजी असायला हवा, तिथे जीटीजी आहे. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवते. पण जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तातले साधारण ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन बीटा साखळीचे नसतेच. ते गॅमा साखळीचे असते. त्याला एचबीएफ, म्हणजे गर्भातले हिमोग्लोबिन, म्हणतात. गॅमा साखळी सिकलच्या दोरीत सामील होत नाही, एवढेच नव्हे तर एक गॅमा आणि एक बिघडलेली बीटा अशी मिश्र जोडी झाली तरी तो रेणू दोरीत धरला जात नाही. सोल्युबिलिटी टेस्ट सहा महिन्यांच्या आत फसते ती याच कारणाने: गढूळपणा आणायला पुरेसे एचबीएस, म्हणजे बिघडलेल्या बीटाचे सिकल हिमोग्लोबिन, नळीत नसते. न्यूयॉर्कमध्ये जेनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच सुचवले होते की नवजात बाळांना गर्भातले हिमोग्लोबिन वाचवत असावे.

जन्मानंतर गॅमा जनुक मिटत जाते आणि वर्षभरात एचबीएफ काही टक्क्यांवर येते. निरोगी प्रौढात ते १ टक्क्याच्याही खाली असते. जनुक कुठे जात नाही. ते शाबूत, एकही अक्षर (डीएनएच्या ए, टी, जी, सी या घटकांपैकी एक) न बिघडता, आयुष्यभर तिथेच बसून असते. ते बंद कोण ठेवते, डीएनएवर नेमके कुठे बसून ठेवते आणि त्याला तिथून उठवले तर काय होते, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. जनुकनियंत्रण म्हणजे प्रथिनांनी डीएनएवर जागा धरणे, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचून विसरायला होते. इथे ते एकेका अक्षराच्या पातळीवर दिसते, म्हणून हे प्रकरण निवडले.

जागेचा नकाशा

बीटा ग्लोबिनचे कुटुंब अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर ओळीने मांडलेले आहे. आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. वाढीच्या काळात जनुके ज्या क्रमाने जागी होतात तोच हा क्रम: सुरुवातीच्या आठवड्यांत एप्सिलॉन, मग गर्भाच्या यकृतात गॅमा, शेवटी अस्थिमज्जेत बीटा. दोन गॅमा जनुके एकमेकांची जवळजवळ नक्कल आहेत. त्यांच्या प्रथिनांत फरक १३६व्या जागेवर, एकात ग्लायसिन तर दुसऱ्यात अॅलनिन. दोघांत अंतर सुमारे ४,९०० अक्षरांचे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो उपचारात अडचण करतो.

एप्सिलॉनच्याही आधी, बीटापासून सुमारे ५० हजार अक्षरे दूर, लोकस कंट्रोल रीजन नावाचा पट्टा आहे. इथे डीएनए उघडा असतो आणि गाटा१, टॅल१, केएलएफ१ यांसारखी रक्तपेशींची खास प्रथिने दाटीने बसलेली असतात. या पट्ट्याशिवाय एकही ग्लोबिन जनुक जोरात चालत नाही. काही थॅलेसेमिया कुटुंबांत बीटा जनुक पूर्ण निर्दोष आहे, फक्त हा दूरचा पट्टा गळून गेला आहे, आणि तरीही जनुक मुके आहे.

५० हजार अक्षरांवरून हुकूम पोचतो तो डीएनएची दुमड पडल्यामुळे. गाटा१ आणि टॅल१ दोन्ही टोकांवर बसतात, त्यांना एलडीबी१ हे प्रथिन येऊन जुळते, आणि एलडीबी१ला स्वतःसारख्याच दुसऱ्या एलडीबी१शी जोडी करायची ओढ असते. अशी हातात हात घालून दोन टोके जवळ येतात आणि मधला डीएनए वेटोळे होऊन बाहेर लोंबतो. हे केवळ चित्र नव्हे. फिलाडेल्फियात गर्ड ब्लोबेल यांच्या प्रयोगशाळेने कृत्रिम झिंक फिंगरला (डीएनएवरचा ठरावीक शब्द धरणारा प्रथिनाचा भाग) एलडीबी१चा जोडणारा भाग लावला आणि तो हवा त्या प्रमोटरवर, म्हणजे जनुकाच्या तोंडाशी असलेल्या नियंत्रक तुकड्यावर, नेऊन बसवला. २०१२ मध्ये त्यांनी दाखवले की गाटा१ नसलेल्या पेशीतही अशी जबरदस्तीने केलेली दुमड बीटा जनुक चालू करते. २०१४ मध्ये हाच जोड प्रौढ मानवी पेशींत गॅमाच्या प्रमोटरवर बसवला तर गॅमा जागे झाले आणि त्याच वेळी बीटा उतरले. म्हणजे दूरच्या पट्ट्याचा जोर एका वेळी वाटून घ्यावा लागतो. गॅमाला मिळाला तितका बीटाचा कमी. सिकलच्या रुग्णासाठी याहून बरे काय? चांगली साखळी वाढते आणि त्याच हिशेबात वाईट साखळी घटते.

सहा अक्षरे जवळून

प्रौढात हा जोर गॅमाकडे का जात नाही? कारण गॅमाच्या दारात कोणीतरी बसलेले असते. जनुकाचे लेखन (त्याची आरएनए प्रत काढणे) जिथून सुरू होते तिथून मागे ११५ अक्षरांच्या आसपासचा तुकडा असा आहे:

जी-सी-सी-टी-टी-जी-ए-सी-सी-ए-ए-टी-ए-जी-सी-सी-टी-टी-जी-ए-सी-ए

यातली टी-जी-ए-सी-सी-ए ही सहा अक्षरे, म्हणजे वजा ११८ ते वजा ११३, बीसीएल११ए या प्रथिनाची जागा. त्याच्या शेवटाकडच्या झिंक फिंगर या सहा अक्षरांना ओळखून धरतात. आता याच तुकड्यात आणखी एक शब्द शोधा: सी-सी-ए-ए-टी. ही एनएफ-वाय या प्रथिनाची जागा. एनएफ-वाय तीन भागांचे, त्यातले दोन हिस्टोनसारख्या घडीचे (हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती प्रथिने). ते डीएनए वाकवते, न्यूक्लिओसोम, म्हणजे हिस्टोनांभोवतीची डीएनएची गुंडाळी, बाजूला सारते आणि लेखनाची यंत्रणा आत येऊ देते. बीसीएल११ए बंद करणारे, एनएफ-वाय उघडणारे, आणि दोघांच्या शब्दांत मधली सी-सी-ए ही तीन अक्षरे सामाईक. एकाच पाटावर दोघांना बसता येत नाही.

गॅमाच्या प्रमोटरची आणखी एक खोड अशी की हाच शब्द सुमारे २७ अक्षरे पुढे, वजा ९० च्या आसपास, पुन्हा येतो. म्हणजे बीसीएल११एला बसायला दोन जागा आणि एनएफ-वायलाही दोन. पण प्रत्यक्ष पेशीत बीसीएल११ए पसंत करते ती दूरची, वजा ११५ची, आणि एनएफ-वायला हवी असते जनुकाजवळची, वजा ८८ची. बॉस्टनमधल्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हे दाखवले: प्रौढ पेशीत बीसीएल११ए दूरच्या जागेवर बसून शेजारच्या जागेवर एनएफ-वायला टिकू देत नाही, आणि बीसीएल११ए काढून घेतले की एनएफ-वाय जवळच्या जागेवर येऊन बसते.

दडपण मात्र निव्वळ जागा अडवण्याने पूर्ण होत नाही. बीसीएल११ए आपल्याबरोबर न्यूआरडी नावाचा मोठा समूह ओढून आणते. त्यातले एचडीएसी१ आणि एचडीएसी२ हिस्टोनवरचे अॅसिटिल गट काढतात, सीएचडी४ न्यूक्लिओसोम सरकवून दार बुजवते. जागा अडवणे हा कुलपाचा खटका आणि न्यूआरडी म्हणजे मागून लावलेला अडसर, असे समजा.

शिवाय दडपणारे दोन आहेत. वजा २००च्या आसपास सी अक्षरांची रांग आहे, तिथे झेडबीटीबी७ए बसते. याला एलआरएफ असेही म्हणतात. तेही न्यूआरडीलाच बोलावते, पण बीसीएल११एवर अवलंबून न राहता. मग दोघांपैकी एकालाच हलवून भागेल का, अशी शंका कुणालाही येईल. निसर्गात याचे उत्तर आधीच मिळालेले आहे.

निसर्गाने केलेले प्रयोग

काही कुटुंबांत मोठेपणीही गॅमा बंद होत नाही आणि त्यांना त्याचा काहीही त्रास नसतो. याला एचपीएफएच म्हणतात. यातल्या अनेकांच्या गॅमा प्रमोटरमध्ये एकच अक्षर बदललेले असते. वर्षानुवर्षे ही यादी जमत गेली, पण हीच अक्षरे का, हे कळत नव्हते. वरचा तुकडा समोर ठेवून आता ती वाचा.

वजा ११७ला जीचा ए होतो: ग्रीक कुटुंबांतला बदल. वजा ११४ला सीच्या जागी दुसरे अक्षर येते. दोन्ही टी-जी-ए-सी-सी-एच्या आत. बीसीएल११एची पकड सुटते. वजा १९५ ते वजा २०२मधले बहुतेक बदल झेडबीटीबी७एची पकड सोडवतात. दोन दडपणाऱ्यांपैकी एक उठला तरी जनुक बऱ्यापैकी चालते, हा पहिला धडा.

वजा ११३चा बदल मात्र वेगळा निघाला. तिथे एचा जी होतो. हे अक्षर बीसीएल११एच्या शब्दातले शेवटचे, म्हणून तिथेही पकडच सुटत असणार असे वाटते. मेर्लिन क्रॉसली यांच्या सिडनीतल्या गटाने तपासले तर बीसीएल११ए आपले बसलेलेच. बदलले होते ते दुसरेच: ए-ए-टी-एचे जी-ए-टी-ए झाले आणि गाटा१ला नवा पाट मिळाला. वजा १७५ला टीचा सी झाला की टॅल१ला जागा मिळते, वजा १९८ला टीचा सी झाला की केएलएफ१ला. म्हणजे बंद करणाऱ्याला उठवूनही जनुक चालू होते आणि चालू करणाऱ्याला नवी जागा देऊनही होते. नकाशावर केवळ 'प्रमोटरमधला बदल' म्हणून नोंदवलेल्या दोन खुणांमागे अशी दोन उलट कारणे असू शकतात, आणि उपचार आखणाऱ्याला हा फरक माहीत असावाच लागतो.

सर्वांत बोलका बदल १३ अक्षरांच्या गळतीचा. वजा ११४ ते वजा १०२ एवढा तुकडाच नाही. यात बीसीएल११एची जागा जाते, पण त्याबरोबर एनएफ-वायचा दूरचा शब्दही जातो. चालू करणाऱ्याची जागा मोडूनही जनुक चालू कसे? पूर्वी हे कोडे होते. उत्तर वर आलेच आहे: एनएफ-वायचे खरे काम वजा ८८वर चालते आणि ती जागा या गळतीत सुरक्षित राहते.

बराच काळ का दिसले नाही

बीसीएल११एचे नाव पुढे आले ते २००७-०८ मध्ये, निरोगी माणसांत एचबीएफ कमी-जास्त का असते याच्या जनुकीय पाहणीतून. लंडन आणि सार्डिनिया दोन्हीकडून बोट दुसऱ्या गुणसूत्रावरच्या याच जनुकाकडे गेले. २००८ अखेर ते गॅमाचे दडपण करते हे सिद्ध झाले. २०११ मध्ये सिकलच्या उंदरात लाल पेशींपुरते हे जनुक काढले आणि आजार सुधारला. पण ते गॅमाच्या प्रमोटरवर बसते हे दिसायला २०१८ उजाडले. मधली दहा वर्षे जुन्या चिप पद्धतीत (प्रथिन डीएनएवर कुठे बसते ते शोधायची पद्धत) बीसीएल११एच्या खुणा दूरच्या नियंत्रण पट्ट्यावर दिसत, प्रमोटरवर नाहीत, आणि हे दुरूनच काम करत असावे असा समज रूढ झाला.

असे का होते हे समजून घेणे प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे. चिपमध्ये पेशी फॉर्मल्डिहाइडने गोठवतात, मग ध्वनिलहरींनी डीएनए फोडतात. तुकडे २०० ते ५०० अक्षरांचे निघतात. सहा अक्षरांचा पाट शोधायला ही चाळणी फार मोठ्या भोकांची. शिवाय गोठवल्यावर प्रतिपिंडाला प्रथिनाची ओळखीची बाजू सापडेलच असे नाही. २०१८ मध्ये वापरलेल्या कट अँड रन पद्धतीत पेशी न गोठवता प्रतिपिंड आत सोडतात, त्याला डीएनए कापणारे एमनेज जोडलेले असते, आणि कॅल्शियम दिल्यावर ते फक्त प्रथिनाच्या कडेने कापते. तुकडे लहान, पार्श्वभूमीचा गोंगाट कमी, आणि ठसा थेट टी-जी-ए-सी-सी-एवर.

दुसरी चूक संगणकावर होते, आणि ती आजही होते. दोन गॅमा जनुकांचे प्रमोटर इतके सारखे आहेत की लहान वाचन (यंत्राने वाचलेला डीएनएचा छोटा तुकडा) नेमके कोणाचे हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. अशा वाचनांचा मॅपिंग दर्जा, म्हणजे तुकडा कुठला याची खात्री सांगणारा आकडा, शून्याजवळ येतो आणि 'दर्जा ३०च्या वर' अशी नेहमीची गाळणी लावली की ती सगळी वाचने फेकली जातात. आलेखात प्रमोटरवर शांतता दिसते आणि आपण 'इथे काही बसत नाही' असे लिहून मोकळे होतो. उपाय साधा आहे: या भागापुरती गाळणी सैल करावी, दोन्ही जनुकांची वाचने एकत्र मोजावीत आणि तसे स्पष्ट लिहावे.

तिसरी चूक पेशी निवडताना. के५६२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी सर्वत्र मिळतात, झपाट्याने वाढतात, म्हणून त्यांच्यात गॅमा 'चालू करण्याचे' प्रयोग केले जातात. त्या पेशीत गॅमा मुळातच चालू असते आणि पूर्ण लांबीचे बीसीएल११ए जेमतेम असते. बंद नसलेले कुलूप उघडून काय सिद्ध होणार? त्यापेक्षा जपानमध्ये नाळेच्या रक्तातून तयार केलेल्या हुडेप-२ पेशी घ्याव्यात, त्या प्रौढाप्रमाणे बीटा बनवतात. अखेरची खात्री मात्र माणसाच्या सीडी३४ पेशींना, म्हणजे रक्ताच्या मूलपेशींना, लाल पेशींकडे वाढवूनच करावी.

दडपणाऱ्याचे दडपण

मग सरळ बीसीएल११ए जनुकच बंद का करायचे नाही? कारण ते फक्त लाल पेशींचे नाही. बी लिम्फोसाइट बनायला ते लागते, रक्ताच्या मूलपेशींना टिकून राहायला लागते, मेंदूच्या वाढीलाही लागते. ज्यांच्यात जन्मतः याची एक प्रत निकामी असते त्यांचे एचबीएफ चढलेले असते, पण त्याबरोबर बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो.

सुटका पुन्हा एकदा डीएनएवरच्या जागेनेच केली. २०१३ मध्ये डॅनियल बाउअर आणि ऑर्किन यांनी दाखवले की बीसीएल११एच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये (जनुकातला, प्रथिनाचा संकेत नसलेला भाग), जनुकाच्या आरंभापासून ५५, ५८ आणि ६२ हजार अक्षरांवर तीन उघडे तुकडे आहेत. हा लाल पेशींपुरता एन्हान्सर, म्हणजे जनुकाचा जोर वाढवणारा पट्टा. लिम्फोसाइटला याची गरज नाही. २०१५ मध्ये या तुकड्यांवर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कॅस९ची, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या प्रथिनाची, कात्री चालवून पाहिली तेव्हा ५८वरची एक जागा सर्वांत नाजूक निघाली. तिथे गाटा१चा शब्द आहे: जी-ए-टी-ए-ए. म्हणजे गाटा१ एका हाताने ग्लोबिन चालवते आणि दुसऱ्या हाताने गॅमाचे दडपण करणाऱ्याला पोसते. त्याचा हा दुसरा हात सोडवला की लाल पेशीत बीसीएल११ए घटते, बाकी शरीरात जसेच्या तसे राहते.

गर्भात बीसीएल११ए का कमी असते हेही याच ओघात सांगायला हवे. तिथे जनुकाचा आरएनए बनतो, पण एलआयएन२८बी हे प्रथिन त्या आरएनएवर बसून त्याचे भाषांतर अडवते. जन्माच्या आसपास ते ओसरते आणि अडथळा जातो.

उपचार प्रत्यक्षात कसा होतो

याच जी-ए-टी-ए-एवर कात्री चालवणारा उपचार म्हणजे कॅसजेव्ही. ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी १२ वर्षे व त्यावरील सिकल रुग्णांसाठी तो मान्य केला.

पहिले काम मूलपेशी रक्तात उतरवण्याचे. एरवी यासाठी जी-सीएसएफ हे पांढऱ्या पेशी वाढवणारे औषध देतात, पण सिकलमध्ये त्याने पांढऱ्या पेशी उसळून जीवघेणा कळांचा झटका येऊ शकतो, म्हणून फक्त प्लेरिक्साफोर हे दुसरे औषध देतात. त्याने पेशी कमी निघतात, त्यामुळे अनेकांना रक्तातून पेशी वेचणाऱ्या यंत्राला दोन-तीन खेपा लावावे लागते. यातून सीडी३४ पेशी वेगळ्या काढतात. वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख पेशी न बदलता राखून ठेवतात, प्रत्यारोप धरला नाही तर परत देण्यासाठी. हा राखीव साठा नसेल तर पुढे जायचे नाही. उरलेल्या पेशींत विजेच्या धक्क्याने कॅस९ प्रथिन आणि मार्गदर्शक आरएनए एकत्र घालतात. प्रथिनच घातल्यामुळे ते काही दिवसांत नष्ट होते आणि नको तिथे कापण्याची मुदत लांबत नाही. तयार माल तपासून परत यायला कित्येक महिने जातात.

मग बसल्फान हे केमोथेरपीचे औषध देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि किलोमागे किमान ३० लाख बदललेल्या पेशी शिरेतून देतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वर यायला साधारण चार आठवडे लागतात, प्लेटलेटना त्याहून थोडे जास्त. हे आठवडे जंतुसंसर्गाचे आणि रक्तस्रावाचे धोक्याचे असतात. बसल्फानने वंध्यत्व येऊ शकते, म्हणून बीज किंवा शुक्राणू जपून ठेवण्याविषयी आधीच बोलावे लागते. बदलाचे विज्ञान नाजूक आहे, पण रुग्णाला सोसावे लागते ते मुख्यतः हे केमोथेरपीचे ओझे.

अमेरिकी मान्यतेच्या वेळी ४४ जणांना उपचार दिला होता, पुरेसा काळ लोटलेले ३१ होते आणि त्यांपैकी २९ जणांना सलग १२ महिने तीव्र झटका आला नाही. त्यांचे एचबीएफ एकूण हिमोग्लोबिनच्या ४० टक्क्यांच्या आसपास व त्याहून वर गेले. अमेरिकेतली तेव्हाची किंमत २२ लाख डॉलर.

गॅमाच्या प्रमोटरवर थेट कात्री का नाही? तेही करून पाहिले आहे आणि त्यात एक देखणी गोष्ट आढळते. वर दिलेला तुकडा पुन्हा पाहा: जी-सी-सी-टी-टी-जी-ए-सी ही आठ अक्षरे त्यात दोनदा येतात, मध्ये पाच अक्षरे सोडून. मधोमध कापले की पेशी दुरुस्ती करताना या दोन सारख्या टोकांना एकमेकांवर बसवते. एक प्रत आणि मधली पाच, म्हणजे आठ अधिक पाच, बरोबर १३ अक्षरे गळतात. कुटुंबांत सापडलेली तीच गळती प्रयोगशाळेतही आपसूक तयार होते.

पण दोन गॅमा जनुके सारखी, म्हणून कात्रीही दोन्हीकडे चालते. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी कापले गेले तर मधला ४,९०० अक्षरांचा पट्टा निखळतो आणि एक गॅमा जनुक कायमचे जाते. वाईट हे की नेहमीच्या पीसीआरमध्ये हे दिसत नाही: ३०० अक्षरांचा तुकडा वाढवून वाचला तर फक्त उरलेला प्रमोटर दिसतो आणि निकाल छान वाटतो. दोन्ही जनुकांच्या मधल्या भागावर प्रोब ठेवून डिजिटल पीसीआरने प्रती मोजल्या तरच गळती पकडता येते. डीएनएचे दोन्ही धागे न तोडता एकच अक्षर बदलणाऱ्या बेस एडिटिंगकडे आता काही गट वळले आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

विदर्भातल्या रुग्णाचा अहवाल वाचताना

भारतातला सिकल बहुतांशी अरब-भारतीय प्रकारचा. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोलीतल्या रुग्णांतही तोच. या प्रकारात ग्लायसिनवाल्या गॅमाच्या प्रमोटरमध्ये वजा १५८ला सीचा टी झालेला असतो. या बदलाने एक्सएमएन१ या कापणाऱ्या एन्झाइमची जागा तयार होते, म्हणून साध्या पीसीआरनंतर एन्झाइम लावून तो जेलवर ओळखता येतो. ही जागा बीसीएल११एच्या वा झेडबीटीबी७एच्या पाटात पडत नाही, तरी तिच्यासोबत एचबीएफ चढे राहते. आफ्रिकी प्रकाराच्या रुग्णांपेक्षा आपल्याकडच्या रुग्णांचे एचबीएफ बरेच अधिक असते, अनेकांचे १५ ते २० टक्क्यांच्या घरात. त्यामुळे आपला सिकल सौम्य, असे सरसकट म्हटले जाते. नागपूरकडच्या मुलांत वारंवार कळा, रुग्णालयात भरती आणि रक्त चढवण्याची गरज दिसते, तिच्याशी हे विधान जुळत नाही.

याचा खुलासा एकेका लाल पेशीपाशी होतो. एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) कागदावर जो टक्का छापून येतो तो लाखो पेशींची सरासरी असतो. एका लाल पेशीत साधारण ३० पिकोग्रॅम हिमोग्लोबिन असते. त्या पेशीत दोऱ्या बनू नयेत यासाठी त्यातले सुमारे १० पिकोग्रॅम एचबीएफ हवे, असा अंदाज आहे. आता दोन रुग्ण घ्या, दोघांचेही एचबीएफ २० टक्के, म्हणजे पेशीमागे सरासरी ६ पिकोग्रॅम. पहिल्याच्या प्रत्येक पेशीत सहा-सहा आहे: एकही पेशी पुरती सुरक्षित नाही. दुसऱ्याच्या निम्म्या पेशींत बारा आणि निम्म्यांत शून्य: निम्म्या पेशी वाचल्या, उरलेल्या पूर्ण उघड्या. कागदावर आकडा एकच आहे, पण दोघांचे रक्त वेगळे आहे. कॅसजेव्हीनंतर जवळजवळ सर्व पेशींत एचबीएफ दिसते आणि ४० टक्के म्हणजे पेशीमागे १२ पिकोग्रॅम. उंबरठा तिथे ओलांडला जातो.

म्हणून हायड्रॉक्सियुरिया हे एचबीएफ वाढवणारे औषध सुरू करताना आणि सहा महिन्यांनी परत तपासताना एचपीएलसीच्या टक्क्यासोबत एफ-पेशींचे, म्हणजे एचबीएफ असलेल्या लाल पेशींचे, प्रमाणही मागवावे. फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून मोजणारे यंत्र) एचबीएफच्या प्रतिपिंडाने ते मोजता येते आणि त्याला थोडेच रक्त लागते. नमुना रक्त चढवल्यानंतर लगेच घेऊ नये, दात्याच्या पेशींनी दोन्ही आकडे खाली येतात. शेवटचे रक्त कधी चढवले ती तारीख मागणीपत्रावर लिहावी.